शांतता रेकॉर्ड करताना गेलेले आजोबा

मी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिण्याची सवय कोणालाच नाही. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला माणूस मी, आणि तीही कसली पायरी, तर संगीताची! तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे झालं ते कोणीतरी नीट सांगायला हवं. गल्लीत त्याच्या वेगवेगळ्या गोष्टी फिरतायत आणि प्रत्येक गोष्टीत मी आणखी मूर्ख होत चाललोय.

तर, आमचे आजोबा मागच्या उन्हाळ्यात वारले, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी चहा ठेवायला त्यांनीच सांगितलं.

आम्ही भिवंडीत कामतघरला राहतो. चाळीच्या पाठीमागे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, समोर कारखाना, आणि दोघांच्या मधे उरलेल्या जागेत आम्ही. रात्रंदिवस खटाखट, खटाखट. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात. आई हळू बोलली तर तिला ताप आलाय असं आम्ही समजतो.

अशा घरातल्या मुलाने सिनेमा-सिरियलसाठी संगीत आणि आवाज तयार करायचा कोर्स घेतला. बाबा कल्याण रोडच्या एका कारखान्यात मुकादम आहेत. त्यांना हा कोर्स समजावून सांगताना माझा घसा बसला.

"म्हंजे पिक्चरमधी दार वाजतं, तो आवाज तू करनार?"

"हो बाबा."

"मंग दार काय करतं?"

शेवटी बाबांनी अट घातली. या वर्षात या लाइनीत काहीतरी काम मिळालं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर त्यांच्या हाताखाली लूमवर यायचं. "तिथं आवाज भरपूर हाय. तुजं मन लागंल," असंही ते म्हणाले.

मग आमच्या सरांनी परीक्षेचं काम दिलं. एक मुकी चित्रफीत. रिकाम्या घरात एक म्हातारी बाई एकटी फिरते, शेवटी दार ओढून घेते. तिला आवाज आणि संगीत द्यायचं. सगळ्यांची कामं मुंबईच्या एका स्टुडिओत जाणार होती आणि त्यातून एकालाच तिथे बोलावणार होते. तो एक मी नसलो, तर दिवाळीनंतर खटाखट!

सर म्हणाले, "सगळ्यात आधी खोलीची शांतता रेकॉर्ड कर. एक मिनिट पुरे. खाली शांतता अंथरली नाही तर वरचे आवाज हवेत लटकतात."

मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"शांतता रेकार्ड करायची?"

"हो."

"म्हंजे काय वाजायला नको?"

"काहीच नको."

"मंग मशीन बंद ठेव आनि फाइल पाठव की रं! त्यापायी कॉलेजात कशाला जातोस?"

मी हरलो नाही. पहाटेच्या एसटीने वज्रेश्वरीला गेलो. गाव म्हणजे शांत असणार! तिथे देवळाची घंटा, कोंबडे, आणि आलो ती एसटी परत वळवताना कंडक्टरची बेल. वर एक गृहस्थ माझा माइक बघून विचारत होते, "टावर बसवतोस काय? आमच्या घरात रेंज न्हाय." परत येऊन मी घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर घेऊन, आत बसून रेकॉर्ड करून पाहिलं. गोधडीच्या आत भिवंडी जास्त स्पष्ट ऐकू येते, एवढं कळलं.

शेवटी मी पाठीमागच्या कारखान्याचे मुकादम रईसचाचा यांच्याकडे गेलो.

"चाचा, थोडी देर लूम बंद रख सकते हैं क्या?"

"क्यूँ बेटा? क्या रिकार्ड करना है?"

"कुछ नहीं."

"कुछ नहीं तो लूम काहे को बंद करूँ?"

"नहीं, मतलब 'कुछ नहीं' ही रिकार्ड करना है. खामोशी."

चाचांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग बाबांच्या ओळखीखातर असेल, पण विरघळले. "ठीक है. सुबह शिफ्ट बदलती है ना, उस टाइम. पूरी गली के मुकादम को बोल देता हूँ, रोशन के घर के वास्ते बंद रखो."

(रोशन म्हणजे मी.)

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मला लहानपणापासून ठाऊक होती आणि नेमकी तेव्हाच आठवली नाही. आमच्या गल्लीत लूम दोनच कारणांनी थांबतात. एक म्हणजे लाइट गेली. दुसरं म्हणजे गल्लीतलं माणूस गेलं. मग घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, माणूस उचलेपर्यंत एकही लूम चालू होत नाही. कोणाला सांगावं लागत नाही. घरात बल्ब जळतोय आणि लूम बंद, म्हणजे चपला घालायच्या आणि निघायचं.

सकाळी मी घर तयार केलं. घड्याळातला सेल काढला. फ्रिज बंद. सगळे मोबाईल बंद. बाबा ड्युटीला गेलेले, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज घराबाहेर. राहिले आजोबा. आजोबांचं नाक श्वास घेताना शिट्टी वाजवतं.

"आजोबा, थोडा वेळ बाहेर बसता का?"

"ह्या वयात माला घराबाहेर काडतोस? नाकात कापूस घालतो नि तोंडानं श्वास घेतो. झालं?"

त्यांनी स्वतःच्या हाताने नाकात कापूस घातला. खाटेची करकर होते म्हणून खाली चटईवर झोपले. माशा बसल्या तर हात हलेल म्हणून गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून घेतली. डासांची गुणगुण नको म्हणून आईने त्यांच्या उशाशी अगरबत्ती लावली. मी आणि आई दोन बाजूंना मान खाली घालून बसलो.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्या लक्षात आलं असतं का? (आलं असतं. सगळ्यांच्याच आलं असतं. मला नंतर सगळ्यांनी तेच सांगितलं.)

ठरल्या वेळी पाठीमागचे लूम थांबले. मग समोरचे. मग लांबचे. जन्मात पहिल्यांदा मला आमच्या घराचा आवाज ऐकू आला. कुठेतरी नळाचा थेंब पडत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मालतीकाकूंनी दारातून डोकावलं. आधी चटईकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. तोंडावर पदर घेतला आणि आईला खुणेनेच विचारलं, कधी?

आईला वाटलं, रेकॉर्डिंग कधी सुरू झालं, असं विचारतायत. तिने चुटकीसारखी बोटं हलवून खुणेनेच सांगितलं, आत्ताच. वर ओठांवर बोट ठेवलं. काकू पाय न वाजवता निघून गेल्या. किती समजूतदार बाई, असं मला वाटलं!

माझं मिनिट संपलं. पण लूम काही चालू होईनात. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत! माझ्या कलेसाठी अख्खी गल्ली थांबलीय! मग एवढी आयती शांतता वाया का घालवायची, म्हणून आणखी एक टेक घेतला. मग आणखी एक. आजोबांना खरीच झोप लागली. बाहेर माणसं जमत होती, चपला काढून ओट्यावर बसत होती, कोणीतरी बांबू आणून भिंतीला टेकवत होतं, आणि हे सगळं इतक्या अदबीने चाललं होतं की माझ्या माइकला पत्ता लागला नाही.

मग रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी कपाळाला आठ्या घातल्या. टेक फुकट!

"आरं माज्या बाऽऽऽ!"

आमची बायजाआत्या. आजोबांची मुलगी, खारबावला दिलेली. ती दारातूनच जमिनीवर आडवी झाली. हेडफोनमधून तो आवाज माझ्या कानात शिरला आणि पुढचे दोन दिवस बाहेर आला नाही.

"माला सोडून कुठं गेलास रंऽऽ! अख्ख्या गावात तुज्यासारका मानूस न्हवता रंऽऽ! काय तुजा रुबाब, काय तुजी मिशीऽऽ!"

आजोबांनी एक डोळा किलकिला केला. मी बघितलं. मिशीपर्यंत ऐकलं आणि तो डोळा त्यांनी परत मिटून घेतला! चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मागे उभ्या असलेल्या काकू हुंदका देऊन म्हणाल्या, "बघा, झोपल्यासारके वाटतात."

तेवढ्यात गर्दीतून बाबा आत आले. त्यांना कारखान्यात निरोप पोचला होता आणि आमचे मोबाईल बंद. त्यांनी पाहिलं ते असं: बाप चटईवर, बहीण जमिनीवर, आणि कानाला हेडफोन लावलेला मुलगा हात वर करून त्यांनाच 'आवाज नको' म्हणून खुणावतोय.

"बाप मेला माजा, नि तू रेकार्डिंग करतोस?" बाबांचा आवाज फुटला. लूमच्या आवाजावर मात करून कमावलेला तो आवाज शांततेत केवढा वाटतो, हे त्या दिवशी कळलं.

मी उठून काही बोलणार, तोवर आत्या कौतुक संपवून तक्रारीकडे वळली होती. "माज्या लग्नात हलकी साडी आनलीस, तरी मी कवा बोलले न्हाय रं बाऽऽ!"

आजोबा ताडकन उठून बसले.

"हलकी? ठान्यावरनं आनली व्हती!"

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. काकू माझ्या अंगावर पडल्या. काकूंचं ऐकून लूम बंदच ठेवून आलेले रईसचाचा दारातल्या दारात "या अल्लाह!" म्हणून मागे सरकले, ते थेट बांबूंवर. आत्या मात्र हलली नाही. "ठान्यावरची असली तरी हलकीच व्हती," ती डोळे पुसत म्हणाली.

आजोबांनी नाकातला कापूस काढला, गर्दीवर नजर फिरवली आणि आईला म्हणाले, "सूनबाय, एवडी मानसं आलीत, चहा ठेव. नि बाकीचे गप बसा. पोराचं रेकार्डिंग चालू हाय."

पाठीमागच्या कारखान्याचे शेठ हार घेऊन आले होते. आणलेला हार परत कसा न्यायचा, म्हणून त्यांनी तो आजोबांच्या गळ्यात घातला. आजोबांनी उभं राहून नमस्कार केला. दुकानदार बांबू परत घेईना. आई आता त्यांवर कपडे वाळत घालते. बाबा मात्र माझ्याशी एकच वाक्य बोलले, "दिवाळीनंतर ये लूमवर."

तरी मी काम पुरं केलं. शांतता अंथरली. त्यावर म्हातारीची पावलं, भांडी, दार. माझं संगीतही घातलं, खूप जीव लावून. शेवटी ती दार ओढून घेते तिथे काहीतरी कमी वाटत होतं, म्हणून अगदी लांबून ऐकू यावं तसा आत्याचा आवाज ठेवला. साडीचा भाग कापून.

मग वाट पाहिली. गणपती आले, गेले. नवरात्र गेलं. बाबांनी माझ्यासाठी कारखान्यात डबा ठेवायला जागासुद्धा बघून ठेवली. आणि दिवाळीच्या तोंडावर सरांचा फोन आला.

"रोशन, स्टुडिओवाले म्हणाले, संगीत काढून टाका."

"बरं सर."

"शांतता चांगली आहे म्हणाले. पण ती शेवटी रडणारी बाई कोण? तिला पाठवा. सिरियलसाठी हवीय."

मी ते घरात सांगितलं. मग बाबा म्हणाले, "चला. आपल्या घरातलं कोन तरी लागलं ह्या लाइनीत."

आत्या चौथीपर्यंत शिकलीय. ती तयार झाली, पण तिने अट घातली. असं उगाच हवेत बघून रडू येत न्हाय. बा समोर आडवा पायजे. आजोबा ही अट ऐकल्यापासून नवीन धोतर घालून बसले होते. मी सरांना घाबरत घाबरत कळवलं, सरांनी स्टुडिओला कळवलं, आणि काल शेवटी तिकडून निरोप आला: बाईंना पाठवा, आजोबांनाही पाठवा, आणि कापूस घेऊन सोबत एखादा माणूस आला तरी चालेल.

तो माणूस मी!