तीन आकडी नंबरचा पिचर

सारंगच्या पाठीवर एकशे अठ्ठावीस नंबर होता. त्याचे वडील नंदकिशोर आमच्या हिगाशी-कसाईच्या बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला सांगत, "शंभराच्या वरचा नंबर आहे, साधी गोष्ट नाही." खरं तर जपानी बेसबॉलमध्ये तीन आकडी नंबर म्हणजे उमेदवारी करणारा खेळाडू. त्याला मोठ्या संघाच्या सामन्यात उतरवत नाहीत, आणि तीन वर्षांत त्याने दोन आकडी नंबर मिळवला नाही तर करार संपतो. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वीस वर्षं जपानीत दुभाष्याचं काम करणाऱ्या बाईला एवढं कळायलाच हवं. पण कराराचा कागद वाचून दाखवताना सारंगने माझ्याकडे असं पाहिलं, की मी म्हटलं, "नव्या मुलांना असेच नंबर देतात," आणि विषय संपवला.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तो तसा अपघातानेच झाला. २०११च्या भूकंपानंतर आमची अर्धी बिल्डिंग मुलंबाळं घेऊन भारतात पळाली. मीही पळाले, दोन महिने पुण्यात बहिणीकडे बसून होते, आणि ते सांगताना अजून माझी मान खाली जाते. नंदकिशोरांना ऑफिसने सोडलं नाही, त्यांची बायको विद्या त्यांना सोडून जायला तयार नव्हती, म्हणून सारंग इथेच राहिला. नदीकाठी रविवारी क्रिकेट खेळायला कोणी उरलंच नाही. एप्रिलमध्ये तो माध्यमिक शाळेत गेला आणि त्याने बेसबॉलच्या क्लबात नाव घातलं. पोरगा डावखुरा. जेवताना डावा हात ताटाकडे गेला की विद्या चापट मारायची. त्याच हाताच्या जोरावर सहा वर्षांनी त्याला करार मिळाला.

शाळेच्या पालकसभांना मी मास्तर आणि नंदकिशोर यांच्या मध्ये बसायचे. मास्तर म्हणायचे, "वर्गात झोपतो." मी मराठीत सांगायचे, "खेळून दमतो हो बिचारा." नंदकिशोर म्हणायचे, "यांचं गणित आपल्याकडच्या चौथीचं आहे." मी जपानीत सांगायचे, "आपण घेत असलेल्या कष्टांबद्दल आम्ही ऋणी आहोत." दोन्ही बाजू समाधानाने माना डोलवायच्या आणि सारंग बुटांकडे बघत हसू दाबायचा. दुभाषी म्हणून हे पाप होतं, पण शेजारीण म्हणून मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचा तिसरा, म्हणजे शेवटचाच कॅम्प सुरू झाला. दरवर्षी फेब्रुवारीत सगळे संघ दक्षिणेला उबेत जाऊन महिनाभर सराव करतात. सारंगचा संघ मियाझाकीला होता. नंदकिशोरांनी ठरवलं, यंदा जायचंच. "शैलजाताई, तुम्ही आलात तर बोलायचं बघाल," असं विद्या म्हणाली आणि मी निघाले.

पहिला दिवस आमची फजिती होण्यात गेला. नंदकिशोर ऐटीत मोठ्या मैदानाच्या फाटकाशी गेले आणि मुलाचं नाव सांगितलं. रखवालदाराने यादी वरून खाली, खालून वर बघितली आणि हळूच म्हणाला, "उमेदवारांचा दुसरा संघ टेकडीपलीकडे असतो." वीस मिनिटं चढण चढून गेलो. मोठ्या मैदानावर हजारो लोक होते. इथे आम्ही धरून चौदा. सारंग दाताळं घेऊन चेंडू टाकायचा मातीचा उंचवटा सारखा करत होता. त्याची फेक झाली होती, आता पुढच्यासाठी जागा नीट करून द्यायची, असा तिथला शिरस्ता. "माळीकाम पण हेच करतात का?" नंदकिशोर म्हणाले. मला त्यांची कीव आली नाही, रागच आला. सकाळपासून विमानात शेजाऱ्याला, टॅक्सीवाल्याला, सगळ्यांना मुलाचे फोटो दाखवून झाले होते त्यांचे.

संध्याकाळी सारंगला तासभर सुट्टी मिळाली. उडॉनच्या जाड शेवया खाताना त्याने सगळं सांगितलं. सहाला उठायचं, रांगेने चालायला जायचं. दिवसाला शंभर-दीडशे चेंडू टाकायचे, कधी दोनशे. दोनशे टाकणाऱ्याकडे कोच वळून बघतात. रात्री खोलीत टॉवेल हातात धरून फेकीची नक्कल करायची. आणि रविवारी सरावाचा सामना होता. मोठ्या संघाचे मुख्य प्रशिक्षक बघायला येणार होते आणि त्याला दोन डाव मिळणार होते. "तिथे चाललो तर नंबर बदलेल, मावशी," तो मला म्हणाला. घास त्याने उजव्या हाताने घेतला, चॉपस्टिक्समधून शेवया सांडत. मला वाटलं, आईसमोर शहाण्यासारखा वागतोय.

दुसऱ्या दिवशी चढणीवर विद्याने मला मागे ओढलं. "त्याचं डावं कोपर दुखतंय. फोनवर मला म्हणाला, कोणाला सांगू नको. मी फक्त ह्यांना सांगितलंय." म्हणजे सांगितलंच की, असं मी मनात म्हटलं.

सराव चालू असताना दुसऱ्या संघाचे पिचिंग कोच कुवाबारा-सान आमच्याजवळून जात होते. नंदकिशोरांनी त्यांना अडवलं. तिळाच्या वड्यांचा डबा पुढे केला आणि सुरू झाले, एखाद्या मराठी बापाने हेडमास्तरांना गाठावं तसे. मुलगा लहानपणापासून किती हुशार, आम्ही इथे किती वर्षं राहतो, जरा लक्ष असू द्या. मी नेहमीसारखी काटछाट करत जपानीत सांगत गेले. कुवाबारा-सान ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "किती सुरेख जपानी बोलता आपण. आमच्या तरुण मुलांना अशी आदराची भाषा येत नाही."

मी फुगले. पन्नाशीच्या बाईने फुगू नये इतकी फुगले.

तेवढ्यात नंदकिशोर म्हणाले, "आणि त्यांना सांगा, त्याचं कोपर दुखतंय, चार दिवस जरा कमी टाकायला लावा म्हणावं. रविवारी फ्रेश राहील."

विद्याने माझी बाही धरली. मला कळत होतं. रविवारच्या सामन्यावर पोराचं सगळं अवलंबून आहे, हे तर मी कालच त्याच्या तोंडून ऐकलं होतं. त्या जागी 'सगळ्यांचे आभार' एवढं बोलले असते तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण कुवाबारा-सान माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. आणि आत कुठेतरी असंही होतं, की ह्या बापाला एकदा कळू दे, आपण बोलतो त्याचं काय होतं. मी ते वाक्य जसंच्या तसं, सर्वांत आदराच्या भाषेत, एकही चूक न करता सांगितलं.

कुवाबारा-सान वाकले. "सांगितलंत, फार बरं केलंत," म्हणाले आणि सरळ सारंगकडे गेले.

त्यांनी त्याचा हात सरळ करून कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. सारंगचा चेहरा हलला नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर डोळे मिटले गेले. मग त्याने टोपी काढली आणि कोचसमोर कमरेत वाकला. दुखणं लपवल्याची माफी मागत होता. मग चेंडू झेलणाऱ्या सोबत्यासमोर वाकला. सरळ होताना त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि बापाकडे नाही, माझ्याकडे. मी डब्याचं झाकण लावायला लागले.

"बघा, लगेच ऐकलं त्यांनी," नंदकिशोर म्हणाले. विद्या रडत होती.

रविवारी त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं. कोपरातला स्नायुबंध अर्धा फाटला होता. सारंगला जखमी खेळाडूंच्या तुकडीत टाकलं, उन्हाळा तिथेच गेला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला बोलावून करार संपल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर टाकत राहिला असता तर हात कायमचा गेला असता. बिल्डिंगमधले सगळे म्हणतात, शैलजाताईंनी हात वाचवला. नंदकिशोर तर येता-जाता हात जोडतात. मी कोणाचं म्हणणं खोडत नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. त्याचा हात त्या क्षणी माझ्या मनातसुद्धा नव्हता.

सारंग आता फुनाबाशीला एका खेळाच्या दुकानात ग्लोव्ह दुरुस्त करतो. नोव्हेंबरमध्ये मी मुद्दाम गेले. काउंटरशी उभी राहून त्याला सगळं सांगितलं, कौतुकाने फुगले होते ते आणि त्याच्या बापाचा राग आला होता तेही. म्हटलं, "मला ते वाक्य सोडून देता आलं असतं रे. समजून उमजून सोडलं नाही."

तो चामड्याची वादी ओवत होता. काम थांबवलं नाही.

"आईबाबा येणार कळलं तेव्हा मी घाबरलो होतो, मावशी," तो म्हणाला. "बाबा काहीतरी बोलणार हे माहीत होतं. मग आई म्हणाली, शैलजामावशी पण येतायत. म्हटलं, मग काही काळजी नाही."