पुसलेलं कार्ड

आखातातल्या सोहार शहरात, आमच्या औषधाच्या दुकानात ते दर महिन्याला येत. पन्नाशीचे, मालवणकडचे, पोलादाच्या कारखान्यात वेल्डर. कंपनीने दिलेलं विम्याचं कार्ड आधी शर्टाच्या बाहीला पुसत, मग काउंटरवर ठेवत. ताकदीच्या गोळ्या विम्यात बसत नाहीत. डॉक्टरांनी शरीरातली कमतरता लिहून दिली, तरच कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी मिळतं. त्यांच्याकडे तशी चिठ्ठी होती, पण तिची त्यांना धास्तीच वाटे.

“दुखणं कागदावर थोडंसंच हवं, मॅडम,” एकदा म्हणाले. “गोळ्या मिळण्यापुरतं. जास्त दिसलं की कंपनी गावी धाडते.”

मागच्या वेळी ते कमरेला पट्टा बांधून, सावकाश चालत आले. मी कार्डाचा नंबर टाकला, तर पडद्यावर ‘रद्द’ असं आलं. इथे हे नवीन नाही. कामावरून काढायचं ठरलं की कंपनी आधी विमा बंद करते, माणसाला नंतर सांगते.

“कार्ड चालत नाहीये. ऑफिसात विचारा,” मी म्हटलं.

“मशीन बिघडलं असेल.”

त्यांनी कार्ड उचललं, या वेळी दोन्ही बाजूंनी नीट पुसलं आणि पुन्हा माझ्यापुढे धरलं.

“आता बघा.”