आठ नंबरच्या खोलीतला राष्ट्रीय परिसंवाद

“यात काय हशील?” असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारायच्या. चष्मा वर गेला की समजावं, ओळ गेली.

आमचे डीनसाहेब जुन्या शहरातले, उर्दूत वाढलेले. त्यांना ‘हशील’चं ‘हासिल’ ऐकू येई. बाई येता-जाता ‘काय मिळवलं, काय मिळवलं’ असंच विचारत असतात, असा त्यांचा समज. “मॅडम को अचीवमेंट की बहुत फिकर है,” असं ते चारचौघांत कौतुकाने सांगत. बाईंनी तो समज कधी दूर केला नाही.

बाई परप्रांतातल्या आमच्या विद्यापीठात मराठी विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची एकुलती एक कंत्राटी प्राध्यापिका. विभाग एवढाच. दरवर्षी उन्हं तापायला लागली की कला आणि सामाजिक शास्त्रे शाखेची वार्षिक कामगिरी गोळा होई. तुम्ही कुठल्याही कचेरीत दिवस काढले असतील तर हा ऋतू तुमच्या ओळखीचा असेल. अमेरिकेतल्या मेहुण्याला पडद्यावर दोन शब्द बोलायला लावले की चर्चासत्र आंतरराष्ट्रीय होतं. आमच्याकडे मात्र मेहुणाही नव्हता आणि बाईही ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

“हे काय लिहायलीस गं? तिथं आपण नुसता चहा पिऊन आलो.” रेघ.

“हा लेख आला छापून?”

“येणार आहे, बाई.”

“आला की लिही.” रेघ.

शनिवारी दुपारी आठ नंबरच्या खोलीत त्या मुलांना मराठी वाचायला शिकवत. पुण्या-मुंबईहून आयटीत आलेल्यांची मुलं, इथल्याच गौलीगुड्यातल्या जुन्या मराठी दुकानदारांची नातवंडं. घरात अखंड मराठी बडबडणारी, पण ‘क्ष’ दिसला की बावरणारी. पोरं वाचत आणि आईबाप मागच्या बाकांवर बसून ऐकत. मी एकदा तो वर्गही यादीत घातला होता. “बाराखडी शिकवणं ही काय कामगिरी झाली?” म्हणून बाईंनी तोही कापला.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या कंपनीने त्याला घरी बसवलं. घर माझ्या पगारावर आलं आणि नेमका तेव्हाच डीनसाहेबांनी फतवा काढला, की ज्या विभागाने वर्षात एकही परिसंवाद घेतला नाही, त्याची कंत्राटी जागा पुढे चालू राहणार नाही. मी बाईंना सगळं सांगितलं. त्या “बघू” म्हणाल्या. फक्त बघू! तत्त्वं पेन्शनवाल्यांनाच परवडतात, असं मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले.

मग कामगिरी वाचून दाखवायची बैठक आली. एकेक विभागप्रमुख उठत होता, टाळ्या घेऊन बसत होता. आमची पाळी आली. बाईंनी तीन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला.

“बस? इत्ताच?” डीनसाहेब म्हणाले. “परिसंवाद एक भी नै? फिर कंत्राटवाली पोस्ट मैं कैसा बचाऊं मॅडम, आपइच बोलो.”

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. मी टेबलाखाली साडीचा पदर मुठीत आवळून धरला. आता त्या ‘काय हशील’ म्हणणार आणि मी संपणार, याबद्दल मला शंका राहिली नाही.

“हुआ ना,” बाई म्हणाल्या. “राष्ट्रीय परिसंवाद. मातृभाषा पढ़ने के ऊपर. लिखने का रह गया.”

वर्षभरात आम्ही परिसंवाद सोडा, साधं व्याख्यानही ठेवलं नव्हतं.

“कां कां से आए लोगां?”

“पूना के थे, बंबई के थे. गौलीगुडा के भी थे.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शनिवारच्या वर्गात मागच्या बाकांवर बसणारे आईबाप! इतक्यात इतिहासाचे प्रमुख खुर्चीत पुढे सरकले. “हमको तो कुछ मालूमइच नै पड़ा. कौनसे दिन था?”

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला.

“शनिवार था,” बाई म्हणाल्या. “आप शनिवार को आते कां हैं?”

सगळे हसले. डीनसाहेबांनी मान हलवत ते टिपून घेतलं. बाहेर आल्यावर मी बाईंचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

“घरी जा. नवऱ्याला सांग,” एवढंच म्हणाल्या.

माझं कंत्राट वाढलं. आणि शाखेच्या वार्षिक समारंभात, छोट्या विभागाची मोठी कामगिरी म्हणून, त्या परिसंवादासाठी बाईंचा सत्कार जाहीर झाला. नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. बाईंची खुर्ची रिकामीच होती. शेवटी मीच उठले आणि शाल-श्रीफळ घेतलं. टाळ्या वाजत होत्या आणि मला एकच भीती वाटत होती, बाई आता माझ्याशी बोलणार नाहीत.

त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी होऊच दिला नाही. समारंभ म्हटला की कामगिरी वाचली जाणार आणि त्यात तो परिसंवाद सगळ्यात आधी येणार. जन्मभर दुसऱ्यांच्या फुगवलेल्या ओळी कापणाऱ्या बाईंना स्वतःच्या निरोपालाही जाता आलं नाही, आणि ते माझ्यामुळे. माझा जीव तुटतो अजून. पण त्यांनी ते केलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. तेही खोटंच होईल.

त्यानंतर मी ती सत्काराची शाल घेऊन चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. एरवी ‘आधी पाणी पी’ म्हणणाऱ्या बाई माझ्या हातातली शाल पाहून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“पगार चालू आहे ना तुझा?”

“आहे, बाई.”

“मग झालं तर. ती परत ने.”

“बाई, मी काय म्हणते...”

“शनिवारी खोली उघडत जा. पोरं येऊन बसायलीत.”

दार हळूच लागलं. आतून कडी लागायची वाट पाहत मी जिन्यात उभी राहिले. कडी काही लागली नाही, आणि दार ढकलायचा धीर मलाही झाला नाही.