पायाखालचा हत्ती

"आधी खाली बघा," असं काका म्हणत. मॉल असो, विमानतळ असो की डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात कुणी घेतलेलं नवं घर. दारातून आत आल्यावर ते क्षणभर थांबत, बुटाच्या टोकाने जमीन हलकेच ठोकत. "वर काय, सगळेच बघतात."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. घर दाखवणारे उंच छताचं कौतुक करत असतात आणि हा फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवत उकिडवा बसलेला असतो.

काकांचं आयुष्य तिथल्याच एका मोटार कंपनीत गेलं. गाडीच्या तळाचा पत्रा डिझाइन करण्याचं काम. "जन्मभर तळ केले, लोकांनी त्यावर कार्पेट टाकलं," असं ते सांगत. सुरात तक्रार नसे.

इटलीतल्या सिएना शहराच्या कॅथीड्रलवर, तिथल्या जुन्या मोठ्या चर्चवर, त्यांचा जीव होता. इथल्या मराठी मंडळाच्या वार्तापत्रासाठी मी त्यांच्याशी बोलायला गेलो, तेव्हा चहा निवेपर्यंत त्यांनी मला ते सगळं फिरवून आणलं. भिंतींवर आणि खांबांवर काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे. घंटेच्या मनोऱ्याला खालच्या मजल्यावर एक कमान, मग वर जाल तशी दर मजल्यावर एकेक जास्त. घुमट खाली षटकोनी, वर जाऊन बारा बाजूंचा. आणि जमिनीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडात दगड बसवून केलेली चित्रं. कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यात गेल्या.

"आणि ती आम्हाला दिसलीच नाहीत," काकू आतून म्हणाल्या.

दोघं गेले होते मे महिन्यात. चित्रं झिजू नयेत म्हणून ती फरशी वर्षातला बराच काळ झाकून ठेवतात. ऑगस्टच्या शेवटाकडे काही आठवडे उघडतात, की पुन्हा झाकतात. काकूंना पाहायचा होता हत्ती. एका चित्रात मध्ये सिएनाची लांडगी आहे आणि भोवती निरनिराळ्या शहरांची चिन्हं असलेले प्राणी. त्यात रोमचा हत्ती. पुस्तकातलं पान उघडून काकू बरोबर त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. खाली फळ्या होत्या.

"पायाखाली हत्ती, आणि मला दिसेना. वर बघून बघून मान दुखली."

सप्टेंबरमध्ये परत येऊ, असं काकांनी तिथल्या तिथे कबूल केलं. पण इथे त्याच दिवसांत गणपती, आणि मंडळाचं मखर काका करत. दर वर्षी ते "पुढच्या वर्षी" म्हणाले. मग काकूंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. प्रवासाचा विषय मिटला.

त्या वर्षी काकांनी मखर म्हणून सिएनाचं कॅथीड्रल करायला घेतलं.

"काका, बाप्पाच्या मागे चर्च?" मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं.

"बाप्पाला व्हिसा लागत नाही. तुला लागतो," काका म्हणाले. अर्धी मीटिंग एच-वन व्हिसावर होती. मखर मंजूर झालं.

गराजमध्ये फोमबोर्डच्या भिंती उभ्या राहिल्या. काळे पट्टे इलेक्ट्रिकच्या टेपचे. एका बाजूला एक उंच भिंत मात्र नुसतीच उभी, मागे काही नाही. मंडळाची सेक्रेटरी नागपूरची, आयटीतली, कामाला वाघ. तिने विचारलं, "काका, हे अर्धंच राहिलं ना? टेप संपली का?"

"टेप नाही, माणसं संपली. चौदाव्या शतकात त्यांनी देऊळ अवाढव्य वाढवायला घेतलं, आणि प्लेग आला. ती भिंत अजून तशीच आहे."

तिने भिंतीवरून हात फिरवला. "मग राहू द्या," म्हणाली.

खरं काम मात्र जमिनीचं होतं. प्लायवूडवर रेषा कोरून, त्यात काळा रंग भरून काकांनी लांडगी केली, ससा केला, हत्ती केला. गराजचं दार ते काकूंना उघडू देत नव्हते. "हॉलमध्येच बघायचं. उभं राहून, खाली."

मंडळाच्या गणपतीच्या दिवशी, शनिवारी, डायलिसिस आटोपून काकू थेट शाळेच्या हॉलवर आल्या, व्हीलचेअरवर. काका खुर्ची ढकलत पुढे गेले आणि थांबले. मूर्तीपुढे सतरंज्या अंथरलेल्या होत्या. त्यावर आरतीसाठी माणसं दाटीवाटीने बसली होती, मध्ये मोदकांचं ताट.

सेक्रेटरी धावत आली. "काका, डोन्ट वरी! फरशी एकदम सेफ आहे. स्क्रॅच पडू नये म्हणून मीच कव्हर केली."

काकूंना हसू आवरेना. "अहो, इथेही झाकलेलीच!"

बसलेल्यांना उठवायला काका तयार झाले नाहीत. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. मंडळी मसालेभाताच्या रांगेकडे गेली. मग काका गुडघ्यांवर बसले आणि सतरंजी गुंडाळत मागे सरकू लागले. आधी लांडगी निघाली, मग ससा. काकू खुर्चीचे हात धरून उभ्या राहिल्या. हत्ती निघाला तेव्हा त्यांनी चप्पल काढली.



"सोंड जरा लांब झालीय हो."

"गणपतीचं घर आहे. असू दे," काका खालूनच म्हणाले.

त्या हिवाळ्यात काका गेले. झोपेत. आधी काकू जातील, असं आम्ही सगळे, आणि बहुधा ती दोघंही, धरून चाललो होतो.

पुढच्या वर्षीचं मखर रेडिमेड आलं. काकांनी केलेली फरशी काकूंनी घरी मागवून घेतली आणि हत्तीच्या तुकड्याला पाय लावून त्याचं जेवणाचं टेबल करून घेतलं. मी दोन-तीनदा गेलो, तेव्हा त्यावर जाड मेणकापड असे. त्यावरच पोहे, त्यावरच गोळ्यांचा डबा.

ऑगस्टच्या अखेरीस गेलो, तेव्हा मेणकापड घडी करून खुर्चीवर ठेवलं होतं. हत्ती नुकताच पुसलेला दिसत होता. काकूंनी कप माझ्या हातात दिला. मी सवयीने तो टेबलावर ठेवायला गेलो.

"तिथे नको," त्या म्हणाल्या. "सध्या फरशी उघडी आहे."