तक्रारखोरांची वकील

ट्युनिशियातल्या सफाक्स शहरात मुफीदा गुर्बालशी वाद घालायला सहसा कोणी जात नाही. ती आवाज चढवत नाही, सरळ पुरावे काढते. वय सत्तेचाळीस. विंडोजसाठी बनलेले मोठमोठे व्हिडिओ गेम लिनक्सवर चालते करायचे, हे तिचं काम. कॉलेजात असताना तिच्या खटारा संगणकावर दुसरं काही चालेना म्हणून तिने लिनक्स ही फुकट मिळणारी, कोणीही उघडून बदलू शकेल अशी प्रणाली घातली, ती आजतागायत सोडली नाही. "फुकटचं म्हणून धरून बसलीस, पक्की चिक्कू सफाक्सची!" असं ट्यूनिसच्या मैत्रिणी चिडवायच्या. ती म्हणायची, "फुकटचं नाही गं, आपलं आहे."

यंदा रमजानच्या शेवटच्या आठवड्यात घाव बसला. दोन वर्षं खपून तिने वाळवंटातल्या तांड्यांचा एक अवाढव्य गेम लिनक्सवर आणला होता. चाचणी चालू असतानाच गेम बनवणाऱ्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. चाचणीत लिनक्सवर खेळणारे शंभरात तीन, पण शंभरातल्या चाळीस तक्रारी त्यांच्याच. सबब ही आवृत्ती रद्द. ईदनंतर एक शेवटची बैठक.

ती काम करायची तिथला मालक लसअद कम्मून हात झटकून मोकळा झाला. "जाऊ दे, मुफीदाबाई. तुझे लिनक्सवाले आहेतच किरकिरे."

"किरकिरे नाहीत, लसअदसाहेब. लिहिणारे आहेत."

लिनक्सवाल्यांची रीतच ती. काही बिघडलं की कुठे उभे होतो, काय दाबलं, मग काय झालं, सगळं क्रमवार लिहून पाठवतात. त्याचा कोणी त्यांना छदाम देत नाही. आणि त्यांनाच उपद्रवी ठरवायचं? मुफीदाचं डोकं फिरलं ते यानेच.

ईदला घरात खारा मासा आणि कांदा-मनुकांची शर्मूला, पाहुण्यांची वर्दळ. ही बया एका हाताने पाव बुडवत दुसऱ्याने तक्रारी उघडत होती. लिनक्सवाल्यांच्या एकूण चारशे बारा. एकेक तक्रार वाचायची आणि तसंच विंडोजवर खेळून बघायचं.

"अगं, ईदला तरी त्या कंपनीवाल्या शत्रूंना सोड," आई करवादली.

"शत्रूंना ईद नसते, आई."

बैठकीला पडद्यावर कंपनीच्या हेडविगबाई होत्या. मुफीदाने त्यांच्यासमोर विंडोजवरच गेम लावला. तक्रार सतरावी, लिहिणारा अल्जीरियातल्या ओरानचा एक दंतवैद्य: विहिरीपाशी उंट बसवा, मग रात्र होऊ द्या. तिने तसंच केलं. उंट मानेपर्यंत जमिनीत गेला.

"हे विंडोजवरही होतं?" बाई चमकल्या.

"चारशे बारातले चारशे नऊ दोष दोन्हीकडे आहेत. निव्वळ लिनक्सचे तीन, ते मी काल काढले."

"मग विंडोजवाले यातलं काही बोलले का नाहीत?"

"ते वैतागून गेम बंद करतात. आमचे भांडतात, कारण त्यांना तो हवा असतो."

बाईंनी चारशे नऊ दोषांची यादी मागितली. लसअद 'लगेच पाठवतो' म्हणणार, तोच मुफीदाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. "मिळेल. लिनक्सची आवृत्ती बाजारात येईल त्या दिवशी."

"ही अडवणूक आहे."

"हो," मुफीदा म्हणाली.

लसअदने टेबलाखाली आपला पाय सोडवून घेतला. बाईंनी त्या गाडलेल्या उंटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "तारीख कळवते."

तारीख आली, गेमही आला. अकराव्या मिनिटाला पहिली तक्रार, ओरानहून: "उंट आता छान उठतो, शाब्बास. पण विहिरीला पाणी नाही. कसं ते क्रमाने सांगतो."

लसअदने कपाळावर हात मारला. मुफीदाने खुर्ची पुढे ओढली.