राबाच्या तुकड्यातलं घरटं

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ, मानपाड्याच्या पुढची भातशेती. हजर: मी; आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या पक्षीगटाचे प्रमुख, निवृत्त प्राध्यापक; आणि तोफेएवढा कॅमेरा घेतलेले एक दंतवैद्य. बाकीच्या अकरा जणांनी आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे दाखवले होते. ते घरी, एसीत.

ऊन असं, की वहीचं पान मनगटाला चिकटत होतं. डॉक्टरांनी पाऊण तास एका ढेकळाचेच फोटो काढले. शेवटी प्राध्यापकांनी खरा डोंबारी पक्षी दाखवला. चिमणीएवढा चंडोल, सरळ वर चढायचा आणि शीळ घालत दगडासारखा खाली यायचा. मादी दोन ढेकळांमधल्या खळग्यात जाऊन बसली. घरटं! लगेच दोघं कुजबुजायला लागले, जणू पोलीस मागावर आहेत.

तेवढ्यात शेताच्या मालकीणबाई आल्या.

"काय गावलां?"

"डोंबारी. अंडी आहेत," प्राध्यापक म्हणाले.

"कुठं? उंद्या या तुकऱ्यान पाला पसरून राब भाजायचाय, भाताच्या रोपांसाठी. जागा दावा, तवढी सोरून भाजीन."

प्राध्यापकांनी घसा साफ केला. "मावशी, घरट्याची जागा आम्ही कुणालाच सांगत नाही. गटाचा नियम आहे."

"अरे, शेत माजं हाय ना? एवढ्या ढेकलांत मना काय दिसनार?"

"नियम सगळ्यांना सारखा."

मावशी हसल्या. "मंग पाखराला तरी सांगा, उंद्या कुठं जावं ते."

नियम क्रमांक चार. कॅमेरेवाल्यांची झुंबड घरट्यावर पडू नये म्हणून केलेला. तो मीच लिहिला होता, मीच लॅमिनेट करून वाटला होता. म्हणून मीही तोंड उघडलं नाही. ज्या एकाच व्यक्तीला जागा कळायला हवी होती, तिच्यापासूनच आम्ही ती जपली. कॅमेरा मात्र घरट्यासमोरच होता, तो आम्हाला चालला.

परतीची रिक्षा शीळफाट्याला आली तेव्हा डॉक्टर फोटोखाली 'ठिकाण गुप्त' असं टाइप करत होते. मी वहीतली आजची यादी काढली. टोप्या, पाणी, दुर्बीण, सगळ्यांपुढे टिक. खाली नवी ओळ लिहिली: 'मावशींना जागा सांगणे.' रिक्षा मागे वळवणं सोपं होतं. ओळ लिहिणं त्याहून सोपं.

त्या ओळीपुढची चौकट अजून रिकामी आहे.