जित्या बायकोची श्रद्धांजली

डोंगरकडा गावात कुणी गेलं की एक माणूस लाकडं आणायला पळतो आणि दुसरा विश्वंभररावांकडे. चिता पेटली की मंडळी सावली धरून बसतात. मग हायस्कुलातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले विश्वंभरराव उभे राहतात, हात जोडतात आणि गेलेल्या माणसाला सुधारून देतात. जन्मभर शिव्या हासडणारा ‘करारी’ होतो, बाटलीतला ‘मनमोकळा’ होतो, पाहुण्याला पाणी न विचारणारा ‘काटकसरी’ होतो. गावाला ही भाषा इतकी पाठ आहे, की जितेपणी कुणी कुणाला ‘करारी’ म्हटलं तर भांडण लागतं.

घोटाळा झाला तो भागवत गेला तेव्हा. “भागवत म्हणजे,” असं विश्वंभररावांनी म्हणायला आणि मागून चारजणांनी “हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व” असं पुटपुटायला एकच गाठ पडली. भागवतला उभ्या हयातीत हसताना कुणी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आपला माल शिळा झाला हे गिऱ्हाइकाच्या तोंडून कळावं, तसे विश्वंभरराव चरकले.

घरी आले तर मंजुळाबाईंनी रिवाजाप्रमाणे दाराबाहेर कोमट पाण्याची बादली ठेवलेली.

“काय बोलले आज?”

“नेहमीचंच.”

हे सवालजवाब ठरलेले. आपल्याकडे बायका मातीला स्मशानात जात नाहीत, त्यामुळे पंचक्रोशीत गाजलेलं नवऱ्याचं भाषण मंजुळाबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं.

त्याच वर्षी विश्वंभररावांनी विद्यापीठाच्या हिंगोलीच्या केंद्रावर मराठी एम.ए.ला नाव घातलं. त्यात ‘सर्जनशील वास्तवलेखन’ नावाचा एक पेपर होता. म्हणजे गोष्टीसारखं रंगवून लिहायचं, पण एक अक्षर खोटं नको. विश्वंभररावांना वाटलं, हे तर आपण आयुष्यभर करतच आलो, निम्मं तरी.

“म्हातारपणी दप्तर काहून?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“नवीन शब्द भेटतात.”

“जुने सारे मेलेल्यांवर उडवले वाटतं.”

शिकवायला पुनम मॅडम होत्या, विश्वंभररावांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पहिलंच काम दिलं: जवळच्या, जिवंत माणसाचं शब्दचित्र लिहा आणि वर्गात वाचा. विश्वंभररावांनी बायको निवडली आणि एका बैठकीत लिहून मोकळे झाले. पेन कुठं अडलं नाही. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती.

वाचायची पाळी आली तसे ते उभे राहिले आणि सवयीनं हात जोडले. “मंजुळाबाई म्हणजे मायेचा अथांग सागर होत्या. त्यांनी कधी कुणाला दुरुत्तर केलं नाही.” आवाज आपसूक ओळखीच्या पट्टीत गेला, आणि शेवटी कागदावर नसलेलं “अशा या माउलीच्या आत्म्यास शांती लाभो” तोंडातून निघून गेलं. सगळा वर्ग उभा राहिला. मॅडमनीही मान खाली घातली. स्तब्धता पाळून झाल्यावर शितल नावाची पोरगी डोळे पुसत जवळ आली.

“काका, काकू कधी गेल्या?”

“कुठं?” विश्वंभरराव म्हणाले. “सकाळी तर तिनंच डबा दिला.”

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मागच्या बाकावर डोंगरकड्याचाच हरीश होता. आपल्या गावचा माणूस विद्यापीठात बोलून राहिला, या अभिमानानं त्यानं भाषण रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकलं होतं. गावात तो आवाज एकाच कारणासाठी लागतो, त्यामुळे आणखी चौकशीची कुणाला गरज वाटली नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. जवळा बाजार गावाहून मंजुळाबाईंचा भाऊ संतराम जीप भरून माणसं घेऊन निघाला.

विश्वंभरराव घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत मंजुळाबाई स्वतःच्या मातीला आलेल्यांना चहा देत होत्या. शेजारची रुख्मिणीबाई, जिच्याशी कैक दिवस बोलणं बंद होतं, ती हंबरडा फोडत आली होती आणि आता कपबशी धरून लाजेनं रडत होती. संतराम हार मांडीवर घेऊन बसला होता. तो ठेवावा कुठं, हे त्याला कुणी सांगेना.

माणसं गेल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, “हरीशचं ऐकलं म्या मोबाईलवर. मी मेले त्याचं काही न्हाई. पण ही दुरुत्तर न करणारी बाई कोण? आणा की घरी, मलाबी तिचं तोंड पाहू द्या.”

विश्वंभरराव हसले. मंजुळाबाई हसल्या नाहीत.

“इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं भाषण ऐकलं. वाटलं व्हतं, माझ्याबद्दल तरी हा माणूस माझंच बोलंल. लोकांनी सांगितलेलं भागवतचं अन् माझं एकच निघालं. आता सांगून ठेवते, माझ्या मातीला तुमी बोलायला उभं राहू नका.”

हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद परत दिला आणि हळूच विचारलं, “काका, यात काकू कुठे आहेत?” दोन बायका एकच गोष्ट विचारतात तेव्हा ती खरी असते, एवढं संसारात राहून विश्वंभररावांना कळलं होतं.

आता मात्र पेन हलेना. ‘माया’ लिहिलं, खोडलं. मग ते बायकोकडे नुसते बघत बसायला लागले.

“असं काय बघून राहिले? काही सांडलं का?” मंजुळाबाई वैतागायच्या.

एका दुपारी मंजुळाबाई सुपात तूर पाखडत होत्या. विश्वंभरराव कागद घेऊन समोर बसले. इतकी भीती त्यांना कुठल्या मातीत वाटली नव्हती. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“मंजुळाबाई भांडखोर आहे. रुख्मिणीबाईशी ती भिंतीवरून भांडते आणि बोलणं बंद पडलं की तिला जेवण जात नाही. नावडता पाहुणा आला की चहा अर्धा कप देते. गावात कुणी मेलं की मी शब्द घेऊन जातो, ती भाकरी-पिठलं घेऊन जाते, वैऱ्याच्या घरीसुद्धा. परत न आलेले डबे तिला मेलेल्यांच्या नावासकट पाठ आहेत. मी स्मशानातून येतो तेव्हा बादलीतलं पाणी कधीच गार नसतं. मी कधी परतणार हे माझं मलाच माहीत नसतं. म्हणजे ती ते पुन्हा पुन्हा तापवत असणार. हे मला आज लिहिताना कळलं.”

सूप थांबलं. मंजुळाबाई बराच वेळ तुरीतले खडे शोधत राहिल्या. खडे नव्हते.

“अर्धा न्हाई, पाऊण कप देते मी,” त्या म्हणाल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, “बोला माझ्या मातीला. हेच बोला. पण तवा मला ऐकू येणार न्हाई, अन् बाया तिथं येणार न्हाईत.”

त्या उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी हाक मारली, “रुख्मे, इकडं ये. माझा डबाबी घेऊन ये.”

रुख्मिणीबाई डबा घेऊन आली, पदर सावरून बसली. विश्वंभरराव घसा खाकरून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“बसून वाचा,” मंजुळाबाई म्हणाल्या. “जित्ती हाये मी अजून.”